मोडणाऱ्या फिती

६ नोव्हेंबर २००१, शनयांग

श्यूमेईने ही वही आणून टेबलावर आपटली. म्हणाली, "लाओ फान, जेवताना पुटपुटतोस, झोपेत बडबडतोस. जे काय आहे ते यात लिही. माझे कान बत्तीस वर्षं झिजलेत." बायकोने मला लिहायला सांगितलं असं संसारात पहिल्यांदाच झालं, म्हणून लिहितो.

आज चार फिती ओढल्या. चारही मोडल्या.

माझं काम लिहून ठेवावं, म्हणजे उद्या मीच विसरलो तर वाचता येईल. क्वार्ट्झच्या नळीत धातूचा गोळा. बहुतेक अॅल्युमिनियम, थोडं निकेल, थोडं लॅन्थॅनम. भोवती तांब्याचं वेटोळं, त्याने गोळा तापून वितळतो. रसाला हवा तो रंग चढला की मी बटण दाबतो. वायूच्या दाबाने रस खाली सुसाट फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर पडतो आणि पडल्या पडल्या गोठतो, इतक्या झटकन की आतल्या अणूंना रांगा लावायला सवड मिळत नाही. चाकावरून रुपेरी फीत उडते, गवताच्या पात्याएवढी रुंद. चांगली असेल तर कागदासारखी दुमडा, घडीवर नख फिरवा, उलगडा, काही होत नाही. आतून काच आणि अंगाने धातू. वाईट असेल तर दुमडताना 'टच्' होते. म्हणजे आत स्फटिक धरलेले.

सव्वीस वर्षं हे करतोय. संस्थेत सगळे मला शिफू म्हणतात, उस्तादाला म्हणतात तसं. सप्टेंबरपासून उस्तादाची एक फीत धड नाही.


११ नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट फक्त वहीला सांगतो. डावा डोळा मिटला की उजव्याने दिसतं ते मोमोच्या भांड्यावरच्या वाफेतून दिसावं तसं. वर्ष झालं असेल. रसाचा रंग मी उजव्या डोळ्याने जोखतो, कारण बघायची काच उजवीकडे आहे.

कुणाला सांगू? मी सत्तावन्नचा. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. संचालक म्हणतोच आहे की ही खोली बंद करू, फिती बाहेरच्या संस्थेतून मागवू. श्यूमेईच्या गिरणीने सत्त्याण्णव साली अकराशे जणांना एका दुपारी घरी बसवलं. ती चार महिने खिडकीत बसून होती. एका घरात दोन माणसं खिडकीत बसायला आमची खिडकी तेवढी मोठी नाही.


१४ नोव्हेंबर

तोंग रुओलान आली. डॉक्टरेट करणारी पोरगी, पार उत्तरेच्या टोकाची, बोलायला लागली की मधे श्वास घेत नाही. तिचा सगळा प्रबंध माझ्या फितींवर उभा आहे आणि जूनला तिची मुदत संपते. आधीच एकदा वाढवून घेतलेली.

तिने आलेख टेबलावर पसरला. फितीचा तुकडा हळूहळू तापवत नेला की ती दोन-तीन टप्प्यांत स्फटिक धरते, आणि प्रत्येक टप्प्याला उष्णता बाहेर टाकते. आलेखावर तेवढे उंचवटे येतात. पहिला उंचवटा अॅल्युमिनियमच्या बारीक कणांचा. पुढचे कडक, ठिसूळ संयुगांचे.

"हा उन्हाळ्यातला," ती म्हणाली. "पहिला उंचवटा बघा, टेकडीच. आणि हा परवाचा."

परवाच्यात टेकडीच्या जागी जरा फुगवटा होता. पुढचे उंचवटे जिथल्या तिथे.

"म्हणजे काय ते सांग."

"म्हणजे कण आधीच धरलेत, शिफू. तापवायच्या आधीच, फीत जन्मतानाच. माझा सगळा अभ्यास पहिल्या उंचवट्याचा आणि तोच पळालाय!"

"माझ्यामुळे?" मी विचारलं.

"मी असं कुठे म्हटलं?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. म्हटलं नाही, एवढंच.


२० नोव्हेंबर

तोंग माझी पाकिटं मागायला आली. शहात्तर सालापासून ओढलेल्या प्रत्येक फितीचा बोटभर तुकडा मी पाकिटात ठेवतो, वर तारीख. कपाटभर खोकी झालीत. कुणी कधी विचारलं नव्हतं.

"कशाला?"

"मोजायचीत."

"काय मोजायचंय?"

"सगळंच," म्हणाली आणि या वर्षीची तीन खोकी उचलून घेऊन गेली.

पुरावे गोळा करतेय. करू दे. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तरी वाईट वाटलं. मुलगी चांगली आहे असं मी श्यूमेईला सांगून बसलोय.


२९ नोव्हेंबर

आज लवकर घरी आलो, तर आमच्या स्वयंपाकघरात तोंग! समोर खारवलेल्या कोबीचा गड्डा. श्यूमेई आणि ती काहीतरी कुजबुजत होत्या. मला पाहून दोघी गप्प.

"तिला कोबी चिरायला शिकवतेय," श्यूमेई म्हणाली.

उत्तरेच्या टोकाच्या मुलीला कोबी चिरायला शिकवतेय! तिकडे पोरं दात यायच्या आधी खारवलेला कोबी खातात.

तोंग गेल्यावर विचारलं, "काय सांगत होती माझ्याबद्दल?"

"सगळं तुझ्याबद्दलच असतं का रे?"

म्हणजे माझ्याबद्दलच होतं. बहुधा सगळं सांगून टाकलंय, आणि श्यूमेई तिची मनधरणी करत होती की म्हाताऱ्याला सांभाळून घे. बायकोला माझ्यासाठी पदर पसरावा लागावा, यापेक्षा संचालकाने तोंडावर हाकललेलं बरं.


३ डिसेंबर

लू लाओशी, म्हणजे लू सर, खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. या विषयाचे प्राध्यापक तेच, तोंगचे मार्गदर्शकही तेच. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. विद्यार्थी होते तेव्हा पहिली फीत ओढताना भिऊन मागे सरले होते आणि माझ्या पायावर पाय दिला होता. आत आले नाहीत, हात मागे बांधून चाकाकडे बघत राहिले.

"शिफू, कुणी विचारलं तर सांगा, नियंत्रण पेटी नवी आहे, बसायला वेळ लागतो. दोन महिने तरी लागतील."

"कोण विचारणार?"

"कुणीही," म्हणाले आणि गेले.

दोन महिने! म्हणजे वसंतोत्सवापर्यंत, नव्या वर्षाच्या सणापर्यंत. सणाच्या आधी कुणाला काढत नाहीत, तेवढी लाज सगळ्यांना असते.


१२ डिसेंबर

दोन फिती. रस जास्त तापवून बघितला. लॅन्थॅनमने क्वार्ट्झची नळीच खाल्ली. मोडल्या.


१३ डिसेंबर

कमी तापवला. मोडली.


२१ डिसेंबर, शुक्रवार

झालं ते सविस्तर लिहितो.

सकाळी तोंग नळ्या ठेवायला आली. डोळे सुजलेले. संचालकाने लू लाओशींना बोलावून विचारलं होतं म्हणे, ही मुलगी जूनला उरकणार आहे की नाही. नळ्या ठेवून ती लगेच वळली. मला वाटलं, आता पुरे. माझ्या तीन वर्षांसाठी हिची पाच वर्षं जाताहेत.

हात धुतले, टोपी काढली आणि लू लाओशींच्या खोलीत गेलो.

"लाओशी, माझा उजवा डोळा गेलाय. रंग कळत नाही. फिती माझ्यामुळे मोडतात. मुलीचा दोष नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"डोळ्याचं. मे महिन्यात तुम्ही माझ्यासाठी चहा ओतलात, तो कपाच्या उजवीकडे टेबलावर. तुम्ही मला 'घ्या' म्हणालात, मीही रिकामा कप उचलून प्यायलो."

मे महिन्यापासून!

"मग मला काढलं का नाही?"

"कारण मे, जून, जुलै, ऑगस्ट, फिती उत्तम येत होत्या." त्यांनी दार उघडून हाक मारली, "तोंग, ये. ते त्यांना दाखव. आज दाखवणारच होतीस ना!"

तोंगने कागद आणला. त्यावर माझी पाकिटं, तारीखवार, आणि प्रत्येक तुकड्याची जाडी. जानेवारीपासून ३० ऑगस्टपर्यंत बावीस मायक्रॉन, एकवीस, बावीस, तेवीस. ६ सप्टेंबरला एकतीस. तिथून पुढे तीस, एकतीस, बत्तीस, कालपर्यंत.

"जाड फीत सावकाश थंड होते," ती म्हणाली. "तेवढ्यात कण धरतात. म्हणून पहिला उंचवटा पळाला. पण बघा ना शिफू, डोळा हळूहळू जातो. हा आकडा हळूहळू चढायला हवा होता. हा एका आठवड्यात उडी मारतो! डोळा असा जात नाही, श्यूमेई मावशींना तर सगळं ठाऊक होतं, मी त्यांना चार वेळा विचारलं, कधीपासून, कसं कसं, आधी काय दिसेनासं झालं."

"कोबी चिरताना?"

"कोबी चिरतानाच. आणि हेच आधी तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, पण तुमचा चेहरा असा असायचा की..."

"कसा?"

लू लाओशी म्हणाले, "आत्ता आहे तसा."

३० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. त्या आठवड्यात एकच गोष्ट झाली. नवी नियंत्रण पेटी बसली. लू लाओशींनी सोमवारी कंपनीच्या माणसाला फोन करायचं ठरवलं.

बाहेर आलो. जिन्यात बसलो. तोंग शेजारी येऊन बसली. ती काहीच बोलली नाही, आणि हे तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.


२२ डिसेंबर, शनिवार

आज वर्षातला सर्वांत लहान दिवस. श्यूमेई मोमो करत होती. आज ते खाल्ले नाहीत तर थंडीत कान गळून पडतात असं ती दर वर्षी बजावते. मी पिठाच्या गोळ्या लाटत होतो, आणि लाटणं फिरवता फिरवता मनात आलं की पेटी चाकाचा वेग मीटरमध्ये दाखवते. सेकंदाला चाळीस मीटर. जुना डायल नुसते फेरे दाखवायचा. फेऱ्यांवरून मीटर काढायचे तर चाक केवढं आहे ते पेटीला कुणीतरी सांगितलेलं असणार.

लाटणं ठेवलं. श्यूमेईच्या डब्यातून शिवणाच्या दोऱ्याची गुंडी घेतली.

"कुठे निघालास? पिठाचे हात!"

"कान मी परत येईपर्यंत टिकतील," म्हटलं.

संस्थेत चौकीदाराखेरीज कुणी नव्हतं. चाकाभोवती दोरा गुंडाळला, गाठीपाशी कापला, पट्टीवर मांडला. सहाशे सहासष्ट मिलिमीटर. म्हणजे चाकाचा व्यास दोनशे बारा. बारा वर्षांपूर्वी आलं तेव्हा दोनशे पन्नास होतं. चाकाला चरे पडले की लेथवर घासून घ्यायचो, दर वेळी थोडं कमी. जुन्या यंत्रावर मी आवाज ऐकून फेरे थोडे वाढवायचो, इतकं सवयीने की ते करतोय हेही ध्यानात नसायचं. पेटीबरोबर आलेल्या नव्या मोटरचा आवाज मला ओळखीचा नाही, म्हणून आकड्यावर विसंबलो. पेटी चाळीस म्हणत होती. चाक फिरत होतं चौतिसाने, आणि चाक मंद की फीत जाड.

मग आठवलं. तो पोरगा, दालियेनहून पेटी बसवायला आलेला, जमिनीवर बसून तारा जोडत होता. न बघता त्याने विचारलं, "शिफू, चाक केवढं?" मीही न बघता सांगितलं, "अडीचशे."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

चाकासमोर स्टुलावर बराच वेळ बसलो. तो पोरगा आता कुठल्या गावी कुठल्या तारा जोडत असेल कुणास ठाऊक. सोमवारी लू लाओशी फोन करतील, कंपनी 'चुकून झालं असेल' म्हणेल, आकडा बदलतील. माझ्याकडे कुणी बघणारही नाही. डोळ्याचा दोष नाही हे कालच सिद्ध झालंय, सगळे मला सांत्वन म्हणून मिठाई देतील. एवढ्या मिठाईचं मी काय करू?

घरी गेलो. मोमो गार झाले होते. खाल्ले.


२४ डिसेंबर

लू लाओशी फोन उचलणार तेवढ्यात मी आत शिरलो. दोरा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, 'अडीचशे' सुद्धा.

त्यांनी दोरा उचलला, बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाले, "फीतखोलीत गेल्या बारा वर्षांत आम्ही सहा प्राध्यापक येऊन गेलो. एकानेही चाक मोजलं नाही. फोन कुणाला करू मी, स्वतःलाच?"

तोंग मात्र रागावली. खरी रागावली. "शिफू, अठ्ठेचाळीस फिती! चार महिने! मला रात्रंदिवस वाटत होतं माझा मिश्रधातूच चुकलाय!"

"हो."

"एका आकड्यासाठी!"

"हो," मी परत म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती पाय आपटत निघून गेली. तिचं बरोबर होतं. मला वाईट वाटलं, पण महिनाभर वाटत होतं तसं नाही. हे वाईट वाटणं नेमकं कशाचं ते मला माहीत होतं.


२५ डिसेंबर

पेटीत दोनशे बारा घातलं. चाक फिरलं, आणि पहिल्यांदाच त्या नव्या मोटरचा आवाज मला पटला. तोंग दाराशी हाताची घडी घालून उभी, अजून रागातच. रसाचा रंग तिलाच बघायला लावला.

"आता?" ती म्हणाली.

"तू सांग."

"आता!"

बटण दाबलं. फीत उडाली, सरळ, लांबलचक, शेवटी तिचं वेटोळं झालं. मी तुकडा तोडायला गेलो तर हाताने तुटेना, कात्री लागली. दुमडला. नख फिरवलं. उलगडला.

काही झालं नाही.

"परत दुमडा," तोंग म्हणाली.

परत दुमडला. मग तिने माझ्या हातातून घेऊन स्वतः दुमडला, दहा-बारा वेळा, आणि तोंड भिंतीकडे केलं. मी नळी बदलायच्या कामाला लागलो. एखाद्याला रडू द्यायचं तर हाताला काम हवं.


९ जानेवारी २००२

पहिला उंचवटा परत आला. उन्हाळ्यातल्याइतका. तोंगने आलेख खोलीच्या दाराला चिकटवलाय.

मी जुन्या मोडक्या फितींची पाकिटं कचऱ्यात टाकायला काढली होती. तोंग धावत आली. "हात लावू नका!"

ती म्हणते, या फिती म्हणजे घबाड आहे. तोच धातू, तीच नळी, तोच हात, फक्त वेग वेगळा. चांगल्या फितीत कण तापवल्यावर धरतात, यात जन्मतःच धरलेले. दोन्ही तापवून पाहिलं तर कण कसा सुरू होतो आणि कसा वाढतो हे वेगवेगळं करून दाखवता येतं. लॅन्थॅनमचे अणू मोठे, जड. वाढत्या कणापासून त्यांना दूर सरकता येत नाही, ते भोवतीच अडून बसतात आणि कण लहानच राहतो.

"बसच्या दारात उभे राहणारे," मी म्हणालो. "स्वतः आत जात नाहीत, दुसऱ्याला जाऊ देत नाहीत."

"अगदी तेच!" ती म्हणाली आणि लिहून घेतलं. ते प्रबंधात घालणार नाही अशी आशा आहे.

नवी फीत थोडीशीच तापवून ताणून पाहिली तर न तापवलेलीपेक्षा जास्त ताण सोसते. जास्त तापवली की संयुगं धरतात आणि सगळं ठिसूळ. मधली जागा फार अरुंद आहे, ती म्हणते. ती सापडलीय.


८ मार्च

मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. नंबर तोंगनेच लावला होता, नोव्हेंबरातच. तिची मामी त्या रुग्णालयात परिचारिका आहे. कोबीतलं उरलेलं अर्धं गुपित हे होतं.

पट्टी काढली तेव्हा समोर श्यूमेई. मी म्हणालो, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू बघत नव्हतास तेव्हा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मी श्यूमेईकडे बघत राहिलो. गिरणीत असताना कापसाने पांढरे झालेले केस ती संध्याकाळी झटकायची. आता झटकून जात नाहीत. मला ते आजच दिसलं.


१८ मार्च

कामावर. रस मला पिवळा वाटायचा, तो चांगला पांढऱ्याकडे झुकलेला असतो. वर्षभर तरी जास्तच तापवत होतो म्हणायचं. लू लाओशींनी तापमान दाखवणारं यंत्र मागवलंय. सुरुवातीला राग आला. मग म्हटलं येऊ दे, पण ते बसवायला येणारा जे विचारेल ते मी मोजून सांगणार.

खोली बंद करायचं संचालकाने पुढच्या वर्षावर टाकलंय. लू लाओशी म्हणतात, पुढच्या वर्षीही टाकेल.


१४ जून, शुक्रवार

तोंगची तोंडी परीक्षा. मला शेवटच्या रांगेत बसवलं होतं, श्यूमेईने इस्त्री केलेल्या सदऱ्यात. अर्ध्याहून जास्त कळलं नाही. उंचवटे मात्र ओळखले.

हार्बिनहून आलेले वयस्क परीक्षक बराच वेळ पानं उलटत होते. मग त्यांनी विचारलं, "हे जन्मतः कण धरलेले नमुने. अठ्ठेचाळीस, आणि सगळ्यांची जाडी जवळपास एकच. वेग कमी करून इतकी एकसारखी फीत मिळवणं अवघड असतं. ही पद्धत कशी बसवलीत?"

तोंग गप्प. ही मुलगी, आणि गप्प! मग तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "पद्धत नव्हती, सर. चूक होती."

सभागृहात कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. "इतकी काटेकोर चूक? कुणी केली?"

लू लाओशींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. उभं राहावं लागलं.

"मी केली," म्हणालो. "आठवड्याला तीन फिती, चार महिने. हात एकदाही हलू दिला नाही, साहेब."

या वेळी ते हसले, इतके की चष्मा काढून पुसावा लागला. मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि तोंगला म्हणाले, "पुढे बोला, डॉक्टर तोंग." त्यांनी ते आधीच म्हणायला नको होतं, निकाल नंतर असतो. पण म्हणाले.

ती बाहेर आल्यावर माझ्या दोन्ही खांद्यांना धरून हलवत राहिली. बोलत काय होती कोण जाणे, मग आईला फोन करायला पळाली.

मी चालत घरी आलो. श्यूमेईने विचारलं, "काय झालं?"

"पास झाली."

"आणि तू?"

"मलाही एक प्रश्न विचारला."

सदरा काढून खुंटीला अडकवला, दोन वाट्या शेवया खाल्ल्या, खिडकी उघडी ठेवून आडवा झालो. दुपारचा झोपणारा मी माणूस नाही. जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि मला कुणी उठवलं नव्हतं.